राजसेवा आणि कुलीनता : हुन्यादी यानोशच्या अधिकारपदांचा भाषिक मागोवा

हंगेरीच्या मध्ययुगीन इतिहासाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यास प्रथमतः जी अडचण जाणवते ती घटनांची नसून शब्दांची असते. मूळ सनदा लॅटिन भाषेत आहेत. त्यांचे विवेचन आपणांस बहुधा इंग्रजी वा जर्मन ग्रंथांतून वाचावे लागते. आणि अखेरीस आपण ते मराठीत मांडू लागलो म्हणजे 'काउंट', 'सरदार', 'उमराव', 'सुभेदार' हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येऊ लागतात. शब्दांची ही सरमिसळ निरुपद्रवी नाही. ज्या समाजात एखादे पद राजाच्या मर्जीने मिळत होते की जन्माने, या प्रश्नावर माणसांचे प्राण अवलंबून होते, त्या समाजाच्या इतिहासात पदनामांचा घोटाळा म्हणजे साक्षात इतिहासाचाच घोटाळा होय. प्रस्तुत लेखात हे विधान एकाच व्यक्तीच्या जीवनक्रमाच्या आधारे स्पष्ट करण्याचा हेतू आहे. ही व्यक्ती म्हणजे पंधराव्या शतकातील हंगेरियन सेनानी हुन्यादी यानोश. (हंगेरियन भाषेत कुलनाम आधी व व्यक्तिनाम नंतर येते, तोच क्रम येथे पाळला आहे.)

१. 'कुलीन' आणि 'सेवक'

हंगेरियन भाषेत सरदारवर्गातील माणसास 'नेमेश' म्हणतात. 'नेम' म्हणजे कुळ आणि 'एश' हा युक्ततादर्शक प्रत्यय. म्हणजे 'नेमेश' हा आपल्या 'कुलीन' शब्दाचा जणू सख्खा भाऊच. शब्दाच्या व्युत्पत्तीवरून पाहता सरदारकी ही जन्माची बाब ठरते. परंतु लॅटिन सनदांत याच वर्गाचा एक वेगळा उगम नोंदलेला दिसतो. तेराव्या शतकात 'सेर्वियेन्तेस रेगिस', म्हणजे 'राजाचे सेवक', या नावाचा एक वर्ग आढळतो. हे स्वतंत्र भूधारक होते; मध्ये कोणी धनी नसून ते थेट राजाच्या आधीन होते व त्यास लष्करी सेवा देत. दुसऱ्या आंद्राश राजाने इ. स. १२२२ मध्ये काढलेल्या सुवर्णमुद्रांकित आज्ञापत्राने, म्हणजे प्रसिद्ध 'गोल्डन बुल'ने, या वर्गाच्या हक्कांस संरक्षण दिले, आणि पुढे याच वर्गातून हंगेरीचा बहुसंख्य लहान सरदारवर्ग उदयास आला. इ. स. १३५१ मध्ये पहिल्या लायोश राजाने लहानमोठ्या सर्व सरदारांचे स्वातंत्र्य एकच व समान असल्याचे कायद्याने घोषित केले.

याचा अर्थ असा की, देशी भाषेतील शब्द कुळाकडे बोट दाखवितो, तर सनदांतील शब्द सेवेकडे. 'सेवक' या अर्थाचा हंगेरियन 'सोल्गा' हा शब्दही मुळात स्लाव्ह भाषांतील 'स्लुगा' होय. आरंभीचे जोडाक्षर हंगेरियन जिभेस न रुचल्याने मध्ये स्वरभक्ती होऊन आजचे रूप सिद्ध झाले. कुलीनता आणि सेवा यांमधील हा ताण संपूर्ण मध्ययुगभर टिकून राहिला. हुन्यादीचे चरित्र हे त्या ताणाचे सर्वांत ठळक उदाहरण आहे.

२. पदनामांचा पूर्ववृत्तांत

राजसेवेतील प्रमुख पदांची नावे पाहिली असता असे दिसते की, त्यांपैकी फारच थोडी मूळची हंगेरियन आहेत. दहाव्या-अकराव्या शतकांत हंगेरियन लोकांनी राज्ययंत्रणा उभारली ती स्लाव्ह भाषिकांच्या सान्निध्यात, आणि यंत्रणेबरोबर तिचे शब्दही आले.

परगण्याच्या अधिकाऱ्यास 'इश्पान' म्हणत. हा दक्षिण स्लाव्ह 'झुपान' या शब्दाचा अवतार होय. मधला स्वर लोपल्यावर शब्दारंभी जोडव्यंजन आले आणि ते उच्चारसुलभ करण्यासाठी पुढे 'इ' लागला. आपल्याकडील बोलींत 'स्टेशन'चे 'इस्टेशन' होते तीच ही प्रक्रिया. लॅटिन 'स्कोला'पासून 'इश्कोला' आणि 'स्टेफानुस'पासून 'इश्त्वान' ही हंगेरियन रूपे तिचीच साक्ष देतात. राजाच्या खालोखालचा अधिकारी 'नादोर'. हा मूळचा 'नादोरइश्पान', म्हणजे राजवाड्याचा इश्पान. त्यात स्लाव्ह 'द्वोर' हा शब्द दडलेला आहे, आणि तो आपल्या 'द्वार' शब्दाचा दूरचा आप्त आहे. ट्रान्सिल्व्हेनियाच्या प्रांताधिपतीस 'वॉयदा' म्हणत. स्लाव्ह 'वोयवोदा' म्हणजे सैन्याचा नेता. (मराठी 'वायदा' शब्दाशी त्याचा काहीही संबंध नाही, हे सांगणे अनाठायी ठरू नये.) दक्षिण सीमेवरील प्रांताधिपतीस 'बान' म्हणत, हा शब्द बहुधा अवार वा तुर्की मूळाचा असावा.

या चारही देशी शब्दांमधील भेद लॅटिन सनदांत मात्र सर्वत्र सारख्याच स्पष्टतेने उमटत नाही. इश्पानास लॅटिनमध्ये 'कोमेस' म्हटले आहे. 'कोमेस' म्हणजे बरोबर जाणारा, सहचर. अर्थात राजाचा सहचर. पश्चिम युरोपात याच शब्दापासून वंशपरंपरागत 'काउंट' निर्माण झाले. हंगेरीत तसे घडले नाही. तेथील इश्पान हा राजाने नेमलेला व राजास केव्हाही काढता येण्याजोगा अधिकारी राहिला. सबब हंगेरियन सनदेतील 'कोमेस'चे 'काउंट' असे भाषांतर करणे म्हणजे पदाचा स्वभावच पालटून टाकणे होय.

३. 'होनोर' म्हणजे काय?

या पदांची आर्थिक बाजू समजावून घेतल्याखेरीज पुढील कथा उलगडणार नाही. चौदाव्या शतकातील आंजू घराण्याच्या राजांनी एक पद्धती दृढ केली. एखाद्यास इश्पान वा बान नेमले म्हणजे त्या पदाशी जोडलेले राजकिल्ले, त्यांखालील गावे व त्यांचा वसूल त्याच्या हाती येई. त्यातून त्याने स्वतःचा निर्वाह करावा, शिबंदी पोसावी आणि राजाच्या हाकेसरशी सैन्य घेऊन हजर व्हावे, अशी अपेक्षा असे. या धारणेस सनदांत 'होनोर' म्हणतात. ती पदापुरती व राजाची इच्छा असेतोपर्यंतच असे. पद गेले की किल्लेही गेले. एंगेल पाल या इतिहासकाराने या पद्धतीचा सविस्तर उलगडा केल्यापासून हंगेरियन सरदारवर्गाचे चित्रच बदलले. याउलट राजाने दिलेले भूमिदान पूर्णतः निराळे. ते कुळाच्या मालकीचे होई व वारसांकडे जाई.

मराठी अभ्यासकास हा भेद नवा नाही. सरंजाम आणि वतन यांतील भेद त्याला ठाऊक आहे : पहिला फौज बाळगण्यासाठी दिलेला व तत्त्वतः परत घेता येणारा, दुसरे वंशपरंपरेने चालणारे. दोन समाजांत प्रत्यक्ष संबंध होता असे येथे सुचवावयाचे नाही. भाषांतरासाठी जवळचा पर्याय म्हणून मात्र 'होनोर'ला सरंजाम व कुळाच्या दानास वतन म्हटल्यास 'जहागीर' या सर्वसमावेशक शब्दाने होणारा गोंधळ टळेल.

४. उदय : १४०९ ते १४४१

दिनांक १८ ऑक्टोबर १४०९ रोजी सिगिस्मुंड राजाने (कारकीर्द १३८७-१४३७) ट्रान्सिल्व्हेनियातील हुन्याद हा किल्ला व त्याखालील मुलूख एका सनदेने दान केला. दान घेणारा 'सेर्बेचा पुत्र वॉय्क' हा राजदरबारचा शिलेदार, लॅटिन संज्ञेत 'आउले मिलेस', होता. त्याच्याबरोबर त्याचे भाऊबंद व त्याचा लहानगा पुत्र यानोश यांचीही नावे सनदेत आहेत. हे कुटुंब वालाखियातून आलेले होते. हे दान सरंजामी नव्हते, वतनी होते. त्यावरूनच कुटुंबास 'हुन्यादी' हे नाव मिळाले. येथे क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे : आधी सेवा, मग भूमी, आणि भूमीमागून कुलनाम.

यानोशचा जन्म सुमारे १४०६-०७ मधील. तारुण्यात त्याने एकामागून एक मोठ्या धन्यांच्या पदरी नोकरी केली. अशा चाकरीस 'फामिलियारिस' ही संज्ञा होती. शब्दशः 'घरचा माणूस' असा अर्थ असला तरी नोकरी करणारा स्वतः सरदारच राही व आपल्या जमिनीपुरता तो थेट राजासच बांधलेला असे. १४३० च्या सुमारास तो सिगिस्मुंडच्या परिवारात दाखल झाला, राजाबरोबर इटलीत गेला, आणि मिलानच्या ड्यूकच्या सैन्यात सुमारे दोन वर्षे राहिला. भाडोत्री व्यावसायिक सैन्य कसे चालते याचे ज्ञान त्याने तेथे मिळविले. पुढे बोहेमियात हुसपंथीयांची गाडेबंद युद्धरचनाही त्याने पाहिली.

१४३४ साली त्याने राजास १,२०० सुवर्ण फ्लोरिन कर्जाऊ दिल्याचे आढळते. बदल्यात त्यास राजाची मिळकत गहाण मिळाली. ही बाब किरकोळ वाटली तरी तीत पुढील सर्व घडामोडींचे बीज आहे. सिगिस्मुंडने राज्यारोहणानंतर राजकिल्ले मोठ्या संख्येने वाटून टाकले होते व पैशाच्या निकडीपायी कित्येक गहाण टाकले होते. होनोर पद्धतीचा पायाच त्यामुळे खचत चालला होता. सेवक राजास पैसा पुरवी आणि राजा सेवकास गहाणखत लिहून देई. सरंजाम व वतन यांच्या मधोमध ही एक तिसरी, अस्पष्ट धारणा निर्माण झाली.

सिगिस्मुंडचा जामात आल्बर्ट याने १४३९ मध्ये यानोश व त्याचा धाकटा भाऊ या दोघांस सॉरेनी प्रांताचे बान नेमले. दोघा भावांचे नाव 'यानोश'च होते, त्यामुळे सनदा वाचताना सावधानता बाळगावी लागते. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला आल्बर्ट मरण पावला. २२ फेब्रुवारी १४४० रोजी जन्मलेला त्याचा पुत्र लास्लो आणि पोलंडचा तरुण राजा उलास्लो असे दोन दावेदार उभे राहिले. हुन्यादीने उलास्लोची बाजू घेतली. १४४१ च्या आरंभी त्याने व उयलाकी मिक्लोश याने मिळून विरोधी पक्षाचा पराभव केला, आणि लागलीच दोघांस संयुक्तपणे ट्रान्सिल्व्हेनियाचे वॉयदा, सेकेय लोकांचे इश्पान व तेमेशचे इश्पान नेमण्यात आले. नांदोरफेहेरवार, म्हणजे आजचे बेलग्रेड, व डॅन्यूबकाठचे किल्लेही त्यांच्याच ताब्यात आले. कालांतराने पूर्वेकडील कारभार प्रत्यक्षात हुन्यादीकडेच राहिला. ट्रान्सिल्व्हेनियातील मिठाच्या खाणींच्या उत्पन्नावरही त्याचा हात होता. ज्या परगण्यांतून तुर्कांशी लढावयाचे त्या परगण्यांचे बहुतेक सर्व होनोर एका माणसाच्या हाती एकवटले, ते असे.

५. सेवक की स्वामी? : १४४२ ते १४५३

१४४२ साली हुन्यादीने तुर्कांच्या दोन फौजांचा पाडाव केला : मार्चमध्ये ट्रान्सिल्व्हेनियात मेझीद बेगचा आणि सप्टेंबरमध्ये वालाखियातील यालोमित्सा नदीकाठी शिहाबुद्दीन पाशाचा. १४४३-४४ च्या हिवाळ्यात राजासह त्याने बाल्कन प्रदेशात थेट सोफियापलीकडे मुसंडी मारली. ही मोहीम इतिहासात 'दीर्घ मोहीम' म्हणून ओळखली जाते. परंतु पुढील उन्हाळ्यात झालेला तह मोडून काढलेल्या स्वारीचा शेवट १० नोव्हेंबर १४४४ रोजी वार्नाच्या रणांगणावर झाला. वीस वर्षांचा उलास्लो राजा तेथे मारला गेला, हुन्यादी निसटला.

यानंतर सरदारसभेने बालराजा लास्लो यास मान्यता दिली, पण तो आपला पालक फ्रेडरिक याच्या ताब्यात ऑस्ट्रियात होता. राजा आहे पण राज्यात नाही, अशा स्थितीत ६ जून १४४६ रोजी सभेने हुन्यादीस 'गुबेर्नातोर', म्हणजे राज्यसंचालक, निवडले. लॅटिन 'गुबेर्नारे' या धातूचा मूळ अर्थ जहाजाचे सुकाणू धरणे. उपमा अचूक होती : सुकाणू हाती, पण जहाज पराया मालकीचे. सभेने त्याच्या अधिकारास मर्यादाही घातल्या. बत्तीस कुळवाडी घरठाणांहून मोठे भूमिदान त्यास स्वतःच्या अधिकारात करता येत नव्हते. वतन निर्माण करण्याची खरी सत्ता राजाचीच, सेवकाची नव्हे, हा सिद्धान्त त्यामागे होता. ऑक्टोबर १४४८ मधील कोसोव्होच्या लढाईत त्याचा मोठा पराभव झाला, परतताना सर्बियाच्या अधिपतीने त्यास काही काळ अडकवूनही ठेविले, तथापि त्याचे पद टिकून राहिले.

एक गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे. राज्यातील सर्वोच्च नियत पद जे नादोरचे, ते हुन्यादीस कधीच मिळाले नाही. त्याच्या राज्यसंचालकपदाच्या काळातच, १४४७ पासून, ते गॉरॉई लास्लो या जुन्या व बड्या घराण्यातील सरदाराकडे होते. कर्तृत्वाने सर्वांच्या पुढे गेलेल्या माणसास कुलीनतेचा दरवाजा पूर्णपणे उघडला नव्हता, असे यावरून म्हणता येईल.

लास्लो राजा मोकळा होताच हुन्यादीने राज्यसंचालकपद सोडले. ३० जानेवारी १४५३ रोजी राजाने त्यास बेस्तेर्त्सेचा 'कोमेस पेर्पेतुउस' केले. लॅटिनच्या दृष्टीने पाहता हा बदल एका विशेषणापुरता आहे : जो 'कोमेस' होता तो 'शाश्वत कोमेस' झाला. वस्तुतः मात्र हंगेरीत पूर्वी नसलेली गोष्ट घडली. अधिकारपदाचे रूपांतर वंशपरंपरागत उपाधीत झाले. हंगेरियन भाषेने हा फरक अचूक टिपला. या नव्या उपाधीस ती 'इश्पान' म्हणत नाही. तिच्यासाठी जर्मन 'ग्राफ'वरून आलेला 'ग्रोफ' हा शब्द आणि त्यापूर्वी 'ओरोकोश', म्हणजे वंशपरंपरेने चालणारा, हे विशेषण वापरते. लॅटिनमध्ये जे एकाच नावाखाली झाकले जाते ते देशी भाषेने दोन नावांनी वेगळे ठेविले.

६. विजय आणि वारसा

हुन्यादीची शेवटची सेवा सर्वश्रुत आहे. जुलै १४५६ मध्ये सुलतान दुसरा महंमद याने नांदोरफेहेरवारला वेढा घातला. किल्ल्यात हुन्यादीचा मेहुणा सिलाज्यी मिहाय होता. १४ जुलैस हुन्यादीने डॅन्यूबवरील तुर्की नौकांची फळी फोडली. वृद्ध फ्रान्सिस्कन साधू जॉन कापिस्त्रानो याने जमविलेला क्रूसधारी शेतकऱ्यांचा समुदायही त्याच्या जोडीस होता. २१-२२ जुलैचा निर्वाणीचा हल्ला परतविला गेला व सुलतानास माघार घ्यावी लागली. दुपारच्या चर्चघंटेचा संबंध या विजयाशी जोडला जातो. पण पोप तिसऱ्या कालिक्स्तुसची आज्ञा २९ जूनची, म्हणजे विजयापूर्वीची आहे. ती प्रार्थनेसाठी होती. विजयोत्सवाचा अर्थ तीस मागाहून चिकटला. ११ ऑगस्ट १४५६ रोजी हुन्यादी छावणीतील साथीने मरण पावला.

त्यासमयी त्याच्या घराण्याकडे पंचवीसहून अधिक किल्ले व शेकडो गावे होती. त्यांतील काही खास कुळाची, काही गहाणाची, तर काही निखळ राजाची होती. पदधारी मेला म्हणजे होनोर परत आला पाहिजे, हा राजपक्षाचा दावा शास्त्रशुद्ध होता. पित्याने स्वतःच्या खर्चाने राखलेले किल्ले सोडले तर घराणे शत्रूंच्या हाती जाईल, ही थोरला पुत्र लास्लो याची भीतीही खोटी नव्हती. किल्ले सोपविण्याचे वचन त्याने दिले. राजा नांदोरफेहेरवारचा ताबा घेण्यास आला असता, ९ नोव्हेंबर १४५६ रोजी तेथे राजाचा मातुल आप्त व हुन्यादींचा वैरी सिलेई उल्रिक मारला गेला. १६ मार्च १४५७ रोजी राजाने हुन्यादी लास्लोचा शिरच्छेद करविला. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला राजाही निपुत्रिक वारला आणि २४ जानेवारी १४५८ रोजी सरदारसभेने हुन्यादीचा धाकटा पुत्र मात्याश यास राजा निवडले. तो तेव्हा पंधरा वर्षांचाही नव्हता. शिलेदाराचा नातू सिंहासनावर बसला, परंतु सरंजाम की वतन या प्रश्नाने त्याआधी त्याच्या थोरल्या भावाचा बळी घेतला होता.

७. उपसंहार

पुढील काळाने या चरित्रावर जन्माच्या कथा रचल्या. यानोश हा सिगिस्मुंड राजाचाच अनौरस पुत्र, आणि त्यास दिलेली अंगठी कावळ्याने पळविली, ही दंतकथा सोळाव्या शतकात ग्रंथनिविष्ट झाली. मात्याशच्या दरबारातील इटालियन इतिहासकार बोनफिनी याने तर घराण्याचा संबंध प्राचीन रोममधील कोर्विनुस कुळाशी जोडला. दोहोंचा हेतू एकच : सेवेतून मिळालेल्या थोरवीस कुळाचे कारण पुरविणे. आधुनिक काळात हुन्यादी हंगेरियन की रुमानियन असा जो वाद रंगला, तोही काही अंशी याच वृत्तीचा वारस आहे. कारण त्यातही माणसाच्या कार्यापेक्षा त्याच्या मूळास अधिक महत्त्व दिले जाते.

सनदा याहून साधी गोष्ट सांगतात. त्या वॉय्कला शिलेदार म्हणतात, यानोशला बान, वॉयदा, इश्पान व राज्यसंचालक म्हणतात, आणि या क्रमातच त्याच्या उदयाचे पुरेसे स्पष्टीकरण आहे. त्याच्या मूळ गावाचे हंगेरियन नावही हेच सुचविते. जो किल्ला पूर्वी केवळ 'हुन्याद' होता तो पुढे 'वॉयदाहुन्याद', म्हणजे वॉयदाचे हुन्याद, झाला. आज तो रुमानियात हुनेदोआरा या नावाने ओळखला जातो. कुळाने गावाचे नाव घेतले, आणि गावाने कुळाच्या पदाचे. अशा इतिहासाचे भाषांतर करणाऱ्याने प्रत्येक पदनामापाशी थांबून एवढे तरी विचारावे की, हे पद मेल्यावर कोणाकडे जात होते? या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत 'काउंट' वा 'सरदार' हा शब्द लेखणीतून उतरू न देणे, हेच श्रेयस्कर.